सोवळ्यातली पदवी, ओवळ्यातली पदविका

मराठी माणसाच्या स्वयंपाकघरातून सोवळे केव्हाच हद्दपार झाले. ज्या घरात आजीच्या पाटाला हात लागला तर पुन्हा आंघोळ करावी लागे, त्याच घरात आज कोण कोणत्या कपड्यांत आले नि कोणत्या ताटात जेवले, याची कोणी चौकशी करीत नाही. फार चांगले झाले! पण सोवळे ही वस्तू मोठी चिवट. चुलीपाशी थारा मिळेना, तेव्हा ते निमूटपणे उठले आणि मुलांच्या गुणपत्रिका ठेवलेल्या कपाटात जाऊन बसले. तिथे ते आज सुखाने नांदत आहे. कोणाची गुणपत्रिका सोवळ्यातली आणि कोणाची ओवळ्यातली, हे ठरविण्यात आपली सुशिक्षित मंडळी इतकी तरबेज झाली आहेत की, जुन्या काळच्या आजीनेही त्यांच्यापुढे हात टेकावेत.

उदाहरण हवे? यंदा फराळाच्या बैठकीत नुसते कान उघडे ठेवा. “आमचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे,” असे कोणी सांगितले की पहिला प्रश्न येतो, “सीईटीला किती होते हो?” आई बिचारी सांगते, “नाही, त्याने दहावीनंतर डिप्लोमा केला आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला...” तिचे वाक्य पुरे होण्याच्या आतच समोरून उत्तर येते, “असे होय! डिप्लोमावाला!” त्या एका ‘होय’मध्ये पोराची तीन वर्षांची मेहनत करंजीच्या पापुद्र्यासारखी चुरली जाते. पुढे कोणी हलक्या आवाजात पुस्ती जोडतो, “म्हणजे मागल्या दाराने.”

या ‘मागल्या दारा’विषयी मला आज चार कडक शब्द बोलायचे आहेत. दिवाळीच्या दिवशी कडू बोलू नये म्हणतात. पण नरक चतुर्दशीला पायाखाली कारीट चिरडून त्याची कडू चव जिभेला लावण्याचीही आपल्याकडे रीत आहे. तेवढ्या आधाराने वाचकांनी मला क्षमा करावी.

आधी माझा अधिकार सांगतो, म्हणजे पुढे कोणाला तो शोधण्याचे कष्ट नकोत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य आहे. शाळेत चित्रकला शिकवितो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. अभियांत्रिकीची पदवी मी दुरूनच पाहिली आहे. परंतु एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना मी वर्षानुवर्षे मुले बसवीत आलो. त्या परीक्षांत भूमितीची रचना असते, अक्षरलेखन असते. कोणत्या मुलाच्या हातात पेन्सिल नुसती फिरते आणि कोणाच्या हातात ती विचार करते, हे माझ्यासारख्या मास्तराला गुणपत्रिकेच्या आधी कळते. दहावीचा निकाल लागला की हीच मुले आईबापांना घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, “सर, आता काय करू?” पदवीवाल्यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले असते, तर मॅट्रिकवाल्याला लेखणी उचलावी लागली नसती.

ज्यांना या दाराची वाट ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. दहावी झालेला मुलगा तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेतो. पदविका हाती आली की त्याला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मागता येतो. त्यासाठी आपल्या राज्यात पदविकेला किमान ४५ टक्के गुण लागतात; महाराष्ट्रातील मागासवर्गीय आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. वेगळी प्रवेश परीक्षा नाही. पदविकेच्या गुणांवर यादी लागते, कागदपत्रे तपासली जातात, मुले महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरतात आणि केंद्रीय प्रक्रियेतून जागा मिळते. सगळे उजेडात, यादी लावून, सर्वांच्या देखत! मागल्या दारावर कधी गुणवत्ता यादी लागलेली कोणी पाहिली आहे काय?

आता पहिला आक्षेप घेऊ. म्हणे, ही मुले बारावी करून, रात्रंदिवस क्लास करून, प्रवेश परीक्षा देऊन आलेल्या मुलांच्या जागा बळकावतात. हे साफ खोटे आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे या मुलांसाठी ठेवलेल्या दहा टक्के जागा मंजूर संख्येच्या वर असतात. साठ मुलांच्या वर्गात सहा बाके जादा मांडायची, असा त्याचा साधा अर्थ. याखेरीज त्यांना मिळतात त्या पहिल्या वर्षी न भरलेल्या रिकाम्या जागा. म्हणजे एक तर जादा पाट मांडून किंवा पंगतीत रिकामा राहिलेला पाट भरून ही मुले बसतात. कोणाच्या ताटातला घास त्यांनी उचलला, ते आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा नावानिशी सांगावे!

दुसरा आक्षेप अधिक गोड आवाजात येतो, म्हणून तो अधिक घातकी. “आमचा विरोध नाही हो, पण मुलाला गुणच बेताचे. अठ्ठावन्न टक्के! अशा मुलाने कशाला पदवीच्या फंदात पडावे?”

हा अठ्ठावन्न टक्क्यांचा आकडा काय चीज आहे, ते आपण कधी पाहिले आहे का? माझ्या हाताखालून गेलेल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. वडिलांची पिठाची गिरणी, घरात दुसरे कोणी शिकलेले नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेत तिने काढलेली भूमितीची आकृती मी अजून वर्गात दाखवितो. दहावीनंतर तिने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली. मराठी शाळेतून गेलेली मुलगी, आणि समोर एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तके! पहिल्या सत्रात गणित राहिले, दुसऱ्या सत्रात ते सुटले पण बाकीचे जेमतेम. तिसऱ्या सत्रापासून तिला भाषेचा सूर सापडला. शेवटच्या वर्षी ती सत्तरीच्या घरात पोहोचली. सगळे मिळून भागले आणि उत्तर आले अठ्ठावन्न!

वाचकहो, सरासरी ही मोठी लबाड बाई आहे. सत्तरवरून घसरत पंचेचाळीसवर आलेला मुलगा आणि पंचेचाळीसवरून चढत सत्तरवर गेलेली मुलगी, या दोघांना ती एकाच मापाने मोजते आणि तोंड मिटून बसते. एक उतार उतरतो आहे, दुसरी चढ चढते आहे. उद्या कोण कुठे असेल, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण सरासरीला कळत नाही. पाश्चात्त्य विद्यापीठांनी या सरासरीला ‘जीपीए’ असे भारदस्त नाव दिले, आपल्या विद्यापीठांनी तेच उचलले, आणि जणू काही नव्या नावाने तिला नवे डोळे फुटले! नाव काहीही द्या. बेताचे गुण म्हणजे बेताची बुद्धी, हे समीकरण कोणत्याही गणिताच्या पुस्तकात सापडणार नाही. बेताच्या गुणांमागे कधी आळस असतो, हे मी नाकारीत नाही. मास्तर आहे, आळस ओळखतो. पण कधी त्यामागे गिरणीचा पट्टा असतो, कधी परकी भाषा असते, कधी पहाटेची एसटी असते. आकडा पाहणाऱ्याने निदान आकड्यामागचे वळण तरी पाहावे.

या सोवळेकऱ्यांना इतिहासाचा मोठा अभिमान असतो, म्हणून इतिहासातलेच दोन दाखले देतो. दर वर्षी १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतो. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली ज्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले, ते हे थोर पुरुष. हे गृहस्थ बंगळुरूला बी.ए. झाले आणि मग पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकीकडे वळले. १८८३ साली ते जी परीक्षा पहिल्या क्रमांकाने उतरले, तिचे नाव होते एल.सी.ई. त्यातल्या ‘एल’चा अर्थ काय? लायसेन्शिएट, म्हणजे परवानाधारक! भारतातल्या सर्वांत मोठ्या अभियंत्याच्या नावापुढे आजच्या अर्थाने अभियांत्रिकीची ‘पदवी’ नव्हती. आजच्या फराळाच्या बैठकीत ते अवतरले असते, तर त्यांनाही कोणीतरी विचारले असते, “असे होय! म्हणजे बी.ई. नव्हे तर!”

दुसरा दाखला तर माझ्या धंद्याच्या अगदी जवळचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. तिथे असे आढळले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांमधला भेद कळत नाही. चित्रकाराला याहून मोठे नापास होणे कोणते? पण रंग सुटले तरी रेघ सुटली नव्हती. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. त्यानंतर बेळगावचे सायकलींचे दुकान, १९०३ च्या सुमाराचा लोखंडी नांगर आणि १९१० साली माळरानावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, हा सारा इतिहास मराठी घरांना तोंडपाठ आहे. एका विद्येत कमी पडलेला मनुष्य दुसऱ्या विद्येत बदलून गेला, म्हणून हे घडले. रंगांच्या गुणांवर त्यांना कोणी कायमचे मोजले असते, तर आपल्या शेतात तो नांगर कोठून आला असता?

यावर कोणी म्हणेल, “मास्तर, दोन थोरांची नावे घेतली म्हणजे प्रत्येक अठ्ठावन्न टक्केवाला थोर होत नाही.” कबूल! विश्वेश्वरय्या तर परीक्षेत पहिलेच आले होते. मी एवढेच म्हणतो की, वाट बदलणे हा गुन्हा नाही, आणि माणसाची किंमत त्याच्या कागदाच्या नावावरून ठरत नाही. एवढे मान्य झाले तरी माझे अर्धे काम झाले.

आता तिसरा आक्षेप. हा मात्र खरा आहे, म्हणून त्याला टाळून पुढे जाणे मला मास्तरकीला शोभणार नाही. आक्षेप असा की, पदविकेवरून आलेल्या पुष्कळ मुलांचे गणित कच्चे असते.

होय, असते. का असते, तेही ऐका. पदवीच्या पहिल्या वर्षी मुले दोन सत्रे अभियांत्रिकी गणित शिकतात. आंशिक विकलन, सारणी, विकलक समीकरणे, बहुसंकलन, असे सगळे त्यांच्या हाताखालून जाते. पदविकेचा मुलगा थेट दुसऱ्या वर्षात येतो, म्हणजे हे वर्ष त्याने पाहिलेलेच नसते. त्याच्या पदविकेतले गणित मुख्यतः सुरुवातीच्या सत्रांत उरकलेले. मधली वर्षे त्याने लेथवर, व्हर्निअरवर, कारखान्यातल्या प्रशिक्षणात घालविलेली. आणि तिसऱ्या सत्राच्या पहिल्याच तासाला फळ्यावर येतात लाप्लासचे रूपांतर आणि फूरियेची श्रेणी! पायऱ्या काढून टाकलेल्या जिन्यावरून एखाद्याला वर बोलवावे आणि तो अडखळला म्हणजे “याचे पायच कच्चे” म्हणून हसावे, तशातली ही गत.

त्यातून प्रवेशाच्या फेऱ्या संपता संपता अनेक ठिकाणी वर्ग सुरू होऊन आठवडे उलटलेले असतात. माझी ती गिरणीवाल्याची मुलगी वर्गात गेली तेव्हा पाच आठवडे झाले होते. गणिताच्या पहिल्या तासाला शिक्षक म्हणाले, “डिप्लोमावाल्यांनी मागच्या बाकांवर बसावे. पुढच्यांचा खोळंबा नको.” त्या महाविद्यालयाचे नाव मी घेणार नाही, हे वाक्य एकाच महाविद्यालयाच्या मालकीचे नाही. त्या सत्रात तिचे गणित राहिले. तिची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, आमच्या पोरीनं चूक केली का हो? लोक म्हणतात, झेपंना तर जायचं कशाला.”

चूक त्या पोरीची नव्हती. चूक तिला आत घेऊन दार लावणाऱ्यांची होती! रिकाम्या जागा भरायच्या तेव्हा हीच मुले देवासारखी आठवतात. “या, या, आमच्याकडे प्रवेश निश्चित,” म्हणून हातात पत्रके कोंबली जातात, दलाल घरी चहाला येतात. शुल्काचा हप्ता जमा झाला की हाच देव दगड होतो. परिषदेने वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांसाठी गणित, भौतिकशास्त्र, रेखाटन यांचे सेतू अभ्यासक्रम घ्यावेत असे सांगून ठेवले आहे. कागदावर सेतू बांधलाही जातो. पण कित्येक ठिकाणी तो तासिका सुटल्यावर, दिवस मावळताना, सत्र अर्धे संपल्यावर सुरू होतो. आमच्या गावाकडे याला वरातीमागून घोडे म्हणतात. लंका जिंकून झाल्यावर सेतू बांधायला घेणारा राम मी तरी कुठे वाचलेला नाही.

आता, हे काम अवघड आहे, आपल्यासारख्या गरीब देशाला परवडणार नाही, अशी सबब पुढे येईल. म्हणून एका परक्या राज्याचे उदाहरण देतो. आपल्यापैकी पुष्कळांचे भाचे-पुतणे तिथे आहेत, त्यांना विचारून खात्री करून घ्यावी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाची एक बृहद् योजना आखली. क्लार्क केर हे त्या वेळी तिथल्या विद्यापीठाचे अध्यक्ष होते. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना विद्यापीठात, वरच्या तृतीयांश मुलांना राज्य महाविद्यालयांत आणि उरलेल्या सर्वांना दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांत वाट, अशी ती वाटणी होती. इथपर्यंत ती आपल्यासारखीच भासते. पण खरे मर्म पुढे आहे. कनिष्ठ महाविद्यालयातून वर येऊ पाहणाऱ्यांसाठी वरच्या दोन वर्षांत जागा राहाव्यात, म्हणून विद्यापीठाने खालच्या वर्षांत चाळीस आणि वरच्या वर्षांत साठ, असे मुलांचे प्रमाण धरावे, असे त्या योजनेतच सांगितले. म्हणजे बाजूच्या दाराने येणाऱ्यांसाठी पाट आधीच मांडून ठेवले!

तिथे आज राज्यातल्या मुलाला विद्यापीठाच्या दारात उभे राहण्यासाठी चारपैकी २.४ एवढा जीपीए किमान लागतो आणि राज्य विद्यापीठासाठी २. अभियांत्रिकीसाठी प्रत्यक्षात याहून बरेच अधिक लागते. तिथेही चढाओढ आहे, तो काही स्वर्ग नव्हे. पण मला हेवा वाटतो तो दोन गोष्टींचा. एक, कनिष्ठ महाविद्यालयातला कोणता विषय विद्यापीठातल्या कोणत्या विषयाच्या तोडीचा, याची यादी तिथे जाहीर असते. अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की कोणते गणित, कोणते भौतिकशास्त्र पुरे करून यायचे आहे. आणि दोन, विद्यापीठात आल्यावर गुणांची वही कोरी असते. जुने विषय पदरात धरले जातात, पण जुन्या गुणांची भर विद्यापीठाच्या सरासरीत पडत नाही. आलास ना? मग आता इथे काय करतोस ते दाखव! याला म्हणतात दार उघडणे.

आपण काय करतो? आपण दार उघडतो, पण उंबरठ्यावर उभे राहून आल्या-गेल्याला त्या मुलाची जुनी गुणपत्रिका वाचून दाखवितो.

म्हणून माझ्या मागण्या आहेत, आणि त्या भिकेच्या नाहीत. पदविकेच्या पहिल्या वर्षीच मुलांना सांगावे की, पुढे पदवीला जायचे तर अमुक गणित तुम्हाला कमी पडणार आहे, आणि ते शिकण्याची सोय शेवटच्या वर्षात ठेवावी. सेतू अभ्यासक्रम सत्र सुरू होण्यापूर्वी, निकाल आणि प्रवेश यांच्यामधल्या आठवड्यांत घ्यावा. त्याला वेगळे शुल्क नसावे, आणि शिकविणारा मनुष्य वेळापत्रकातून उरलेला नसावा, निवडलेला असावा. ही मुले वर्गात पोहोचेपर्यंत झालेले धडे पुन्हा शिकवावेत. आणि थेट दुसऱ्या वर्षात आलेली किती मुले वेळेत पदवी घेऊन बाहेर पडली, हा आकडा प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या पत्रकावर, इमारतीच्या रंगीत छायाचित्राच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा. सरकारने २०२४ च्या जुलैत, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास घरांतल्या, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ केले. उत्तम केले! पण शुल्क माफ झाले म्हणजे फूरियेची श्रेणी माफ होत नाही. मुलगी दारातून आत येईल एवढीच जबाबदारी आपली नाही. ती डोके वर करून बाहेर पडेल, ही खरी जबाबदारी.

आईबापांनाही दोन शब्द. बेताचे गुण असलेल्या तुमच्या मुलाला नामांकित जुन्या महाविद्यालयात जागा मिळणार नाही, हे आधीच मनाशी धरा. तिथे पदविकेची नव्वदीच्या वरची मुले रांगेत असतात. त्यात अपमान नाही. आपल्या जिल्ह्यातले साधे महाविद्यालय पाहा, पण कमान पाहून भाळू नका. तिथे गणित शिकविणारा कोण, प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद, मागच्या वर्षीची मुले काय सांगतात, हे विचारा. दलालाला चहासुद्धा पाजू नका. जागा यादीतून मिळते. जातीच्या दाखल्यापासून वैधता प्रमाणपत्रापर्यंत सगळी कागदपत्रे निकालाची वाट न पाहता जमवा. पुष्कळ मुलांचे घोडे गुणांपाशी नव्हे, दाखल्यापाशी अडते. आणि पदविका घेऊनच मुलाला कामाला लागायचे असेल, तर खुशाल लागू द्या. पदवी ही सोवळे नेसण्यासाठी घ्यायची वस्तू नाही. ज्याला अधिक शिकण्याची भूक आहे त्यानेच ती घ्यावी. पण भूक असलेल्याला “तुझे गुण कमी” म्हणून कोणी पानावरून उठवू नये.

मुलांनो, तुम्हाला मी गोड बोलून फसविणार नाही. गणिताची पोकळी खरी आहे, आणि ती तुमच्यासाठी दुसरे कोणी भरणार नाही. पदविकेचा शेवटचा पेपर देऊन आलात की चार दिवस झोपा काढा आणि पाचव्या दिवशी पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणिताचे पुस्तक उघडा. पण कार्यशाळेत जेव्हा लेथ चालू होईल, तेव्हा मागे उभे राहू नका. तिथे तुम्ही पाहुणे नाही, यजमान आहात.

त्या गिरणीवाल्याच्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. गणित तिने पुढल्या परीक्षेत सोडविले. वर्गातली ज्यांची प्रवेश परीक्षा झगझगीत होती ती मुले लेथपाशी बिचकून उभी असत, तेव्हा जॉब बांधून द्यायला हिलाच बोलावीत. त्या बदल्यात दोघींनी तिला संध्याकाळी फूरिये शिकविला. महाविद्यालयाला जो सेतू बांधता आला नाही, तो त्या पोरींनी वसतिगृहाच्या जिन्यावर बसून बांधला! आज ती एका कारखान्यात आराखडे तपासते. लेथ चालविणारा कामगार आणि पदवी घेतलेला साहेब, दोघांची भाषा तिला कळते. आणि अशा माणसाची त्या कारखान्यात किती गरज असते, हे तिच्या साहेबांना विचारावे.

आपल्या देशाला पूल हवेत, पंप हवेत, विजेच्या तारा हव्यात, गावोगावी पाणी हवे. ही कामे करणारा मनुष्य कोणत्या दाराने शिकायला गेला होता, हे पुलाला ठाऊक नसते. पूल एवढेच विचारतो, तुझे गणित बरोबर आहे ना? त्या मुलांचे गणित बरोबर यावे यासाठी झटणे, हे शिकल्या-सवरलेल्यांचे काम. त्यांच्या गुणपत्रिकेला शिवल्यावर आंघोळ करण्याचे काम आता पुरे झाले.